शिक्षण सेवकाचं पहिलं वर्ष: वर्ग, मार्गदर्शक शिक्षक आणि एम.ए. एकत्र कसं सांभाळायचं

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरच्या यादीत नाव लागतं, शाळा मिळते, रुजू अहवाल मुख्याध्यापकांच्या हाती जातो आणि दुसऱ्या दिवसापासून वर्ग पूर्णपणे तुमचा होतो. बी.एड. किंवा डी.एल.एड.च्या छात्रसेवेत मागच्या बाकावर कुणीतरी वही घेऊन बसलेलं असायचं. इथे ते बाक रिकामं असतं. शिक्षण सेवक म्हणून पुढची तीन वर्षं मानधनावर काढायची असतात (१ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,००० रुपये). पण या तीन वर्षांत शिकवण्याच्या कामात तुमच्या सोबत कोण असेल, हे नियुक्ती आदेशात लिहिलेलं नसतं.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अनुभवी शिक्षकांकडून मार्गदर्शन मिळण्यासाठी राष्ट्रीय अभियान सांगितलं आहे आणि प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकासही. दिशा चांगली आहे, पण वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत रुजू झालेल्या माणसाला सोमवारी सकाळी त्याचा उपयोग होत नाही. त्यामुळे मार्गदर्शक आपणच शोधावा लागतो, आणि त्याच्या जोडीला पदव्युत्तर अभ्यासही आपणच बसवावा लागतो. दोन्ही एकत्र झेपतात, फक्त एक पथ्य पाळायला हवं: वर्गात जे अडतं तेच मार्गदर्शकाला दाखवायचं आणि त्याच प्रश्नावर अभ्यास करायचा. तिन्ही कामांचे विषय वेगवेगळे ठेवले की साधारण दिवाळीपर्यंत त्यातलं एक सुटतं, आणि बहुतेकदा अभ्यासच सुटतो.

पदवी कोणती

एम.एड. आणि एम.ए. शिक्षणशास्त्र यांत नवे शिक्षक हमखास गोंधळतात. एम.एड. ही व्यावसायिक पदवी. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४च्या नियमांनी ती दोन वर्षांची, प्रत्यक्ष हजेरीची झाली. नोकरी चालू ठेवून ती करू नका. शाळेच्या हजेरीपटावर आणि महाविद्यालयाच्या हजेरीपटावर एकाच दिवशी तुमची सही असेल तर पदवीवर आणि नोकरीवर, दोन्हींवर प्रश्न उभा राहतो. ‘हजेरीचं आम्ही बघून घेऊ’ असं सांगणारी महाविद्यालयं भेटतील. तिथून परत फिरा.

नोकरी करताना झेपते ती दूरशिक्षणातली एम.ए. शिक्षणशास्त्र. मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, हिंदी किंवा इंग्रजी चालत असेल तर इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ), हे दोन सरळ रस्ते. दोन्हींसाठी आधी कोणत्याही शाखेची पदवी हवी. बारावीनंतर फक्त डी.एल.एड. करून लागलेल्यांनी पहिल्यांदा पदवी पूर्ण करावी. प्रवेशापूर्वी विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या चालू वर्षाच्या यादीत आहे का ते स्वतः पाहा. आता प्रवेशासाठी डेब आयडी (याच विभागाचा नोंदणी क्रमांक) आणि त्यासाठी एबीसी आयडी (श्रेयांक म्हणजे क्रेडिट साठवण्याच्या राष्ट्रीय खात्याचा क्रमांक) लागतो. दोन्हींवरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांचे अर्ज इथेच अडकतात, तेव्हा ही दुरुस्ती शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

आणखी एक कागद: उच्च शिक्षणासाठी कार्यालयाची पूर्वपरवानगी. जिल्हा परिषदेत हा अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा वर जातो. खासगी अनुदानित शाळेत संस्थेकडे जातो. अर्जात ‘दूरशिक्षण पद्धतीने, शालेय कामकाजात अडथळा न आणता’ हे शब्द असू द्या. आवक क्रमांकाची पोच घ्या. प्रवेश घेऊन मग परवानगी मागितली तर सेवापुस्तकात पदवीची नोंद घेताना वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करावा लागतो.

प्रवेश जूनमध्ये घेऊ नका

इग्नूचे प्रवेश जुलै आणि जानेवारी अशा दोन सत्रांत होतात. पहिल्या वर्षाच्या शिक्षकाने जानेवारी धरावा असं आमचं ठाम मत आहे (आपला अभ्यासक्रम त्या सत्राच्या यादीत आहे ना, हे पाहून). जून ते सप्टेंबरमध्ये वार्षिक नियोजन, घटक नियोजन, दैनिक टाचण, पायाभूत चाचणी, यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीची) माहिती, पोषण आहाराच्या नोंदी हे सगळं पहिल्यांदाच हातात येतं. मुलांची नावं आणि घरं ओळखीची व्हायला ऑगस्ट उजाडतो. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, तिथे वेळ आणखी कमी.

तासांचा हिशेब कागदावर मांडा. इग्नूत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास, म्हणजे चार श्रेयांकांच्या एका विषयाला १२० तास. सहा महिन्यांत दोन विषय धरले तर २४० तास, आठवड्याला नऊ-सव्वानऊ. चार विषय धरले तर अठराच्या पुढे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शिक्षकाचा आठवडा तयारीसह किमान ४५ तासांचा आहे. त्यावर नऊ तास चढतात, अठरा चढत नाहीत. इग्नूची एम.ए. किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पूर्ण करता येते. ती दोन वर्षांत उरकण्याऐवजी या मुदतीत पसरवली की पहिल्या वर्षात गुदमरायला होत नाही.

गुणांची विभागणीही आधी समजून घ्या: ३० टक्के स्वाध्याय, ७० टक्के सत्रान्त परीक्षा. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये; स्वाध्यायांची मुदत त्याआधी एक-दोन महिने संपते. म्हणजे एकदा संकलित मूल्यमापन एकच्या (पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या) पेपर तपासणीत आणि एकदा एप्रिलच्या निकालपत्रकांत ती येऊन पडते. स्वाध्याय त्या तारखांच्या महिनाभर आधी लिहून ठेवा. बाजारात तयार स्वाध्याय मिळतात. ते उतरवून काढले तर हाती फक्त गुण येतात, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्या वर्गातून लिहिता आलं असतं तो प्रश्नही वाया जातो.

मार्गदर्शक कोण असावा

पहिला निकष: जो तुमच्या कामावर शेरा लिहितो तो मार्गदर्शक नको. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी कितीही प्रेमळ असले तरी त्यांच्यासमोर आपण चांगला झालेला पाठच दाखवतो. मार्गदर्शकाला बिघडलेला पाठ दाखवता आला पाहिजे.

दुसरा: तो तीच इयत्ता किंवा त्याच्या खालची-वरची शिकवत असावा. सातवीला विज्ञान उत्तम शिकवणारे गुरुजी पहिलीच्या वाचनात तुमच्याइतकेच चाचपडत असू शकतात.

तिसरा निकष आदिवासी भागात सगळ्यात वरचा ठरतो. नंदुरबारला मुलं भिली किंवा पावरी बोलतात, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया. मुलांची भाषा येणारं कुणी मार्गदर्शनात नसेल तर ‘मुलं बोलत नाहीत’ हा निष्कर्ष वहीत जातो. मुलं घरी भरपूर बोलत असतात. अशा वेळी शिक्षक-मार्गदर्शकाच्या जोडीला अंगणवाडी सेविका किंवा गावातल्या शिकलेल्या ताई पंधरा दिवसांतून एकदा वर्गात बसल्या तरी फार फरक पडतो.

शोधायचं कुठे? एका केंद्रात साधारण दहा शाळा असतात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन-तीन वेळा गप्प बसून ऐका. कोण स्वतःच्या वर्गातल्या मुलांची उदाहरणं देऊन बोलतं, कोण फक्त उपक्रमांची नावं घेतं, हे पटकन कळतं. पहिल्या प्रकारच्या बाईंना किंवा सरांना विनंती करा आणि ती नेमकी असू द्या: ‘बाई, महिन्यातून दोनदा, एकेक तास, दिवाळीपर्यंत. मला वाचनाचा तास दाखवायचा आहे.’ ‘मला मार्गदर्शन करा’ एवढंच म्हटलं तर समोरचा हो म्हणतो आणि पुढे काही घडत नाही. गट साधन केंद्रातले साधनव्यक्ती आणि डाएटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे) अधिव्याख्याते यांच्याकडे एखाद्या विशिष्ट अडचणीसाठी जरूर जा, पण नियमित येणं त्यांना शक्य नसतं.

दोन शिक्षकांच्या शाळेत सहकारी त्याच वेळी दुसरे वर्ग सांभाळत असतो. यातून तीन वाटा निघतात. शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाची भेट केंद्रप्रमुखांना सांगून अधिकृत करून घ्या आणि लॉगबुकात नोंदवा. किंवा शेवटच्या तासाला दोन्ही वर्ग एकत्र घेऊन एकाने शिकवायचं, दुसऱ्याने बघायचं. तिसरी वाट म्हणजे फोनवर दहा मिनिटांचा फक्त आवाज ध्वनिमुद्रित करून मार्गदर्शकाला ऐकवायचा. मुलांचं चित्रीकरण टाळा, आणि आवाजसुद्धा कोणत्याही गटावर टाकू नका.

पाठनिरीक्षणाचं चक्र

बी.एड.ला सूक्ष्म अध्यापनाचं ३६ मिनिटांचं चक्र सगळ्यांनी केलेलं असतं: अध्यापन ६, प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय) ६, पुनर्नियोजन १२, पुनराध्यापन ६, पुन्हा प्रत्याभरण ६. त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे पुनर्नियोजनाला दिलेला दुप्पट वेळ, आणि तोच पाठ लगेच पुन्हा घेणं. खऱ्या वर्गात नेमकं हेच राहून जातं. मार्गदर्शक पाहतात, ‘छान झालं, आवाज थोडा वाढवा’ म्हणतात, चहा होतो, संपलं.

तेच चक्र शाळेच्या मापाचं असं करा. तासाआधी दहा मिनिटं बसून आज काय पाहायचं ते ठरवा, आणि एकच गोष्ट ठरवा. मग ३५ मिनिटांचा तास. त्याच दिवशी वीस मिनिटांची चर्चा. दुसऱ्या दिवसावर गेली की दोघांनाही तपशील आठवत नाहीत. त्यानंतर पुनर्नियोजन तुमचं तुम्ही, टाचण वहीत लाल शाईने. आठवड्याच्या आत तोच बदल पुन्हा शिकवून बघा आणि मार्गदर्शकांना फोनवर दोन वाक्यांत कळवा. पुढची भेट तिथून सुरू होते.

पाहायचं काय, यासाठी फ्लँडर्सची आंतरक्रिया सारणी (वर्गातल्या बोलण्याचे दहा प्रकार नोंदवण्याची पद्धत) पाठ असेल, पण दर तीन सेकंदांना नोंद करणं सवय नसलेल्या माणसाकडून होत नाही. त्याऐवजी एका भेटीला खालीलपैकी एकच नोंद पुरे.

बैठकीचा नकाशा: वर्गात मुलं जशी बसली आहेत तशी चौकटी काढून नावं लिहायची. तुम्ही ज्या मुलाला विचारलं त्याच्या चौकटीत रेघ, मूल आपणहून बोललं तर फुली. तासाअखेर पुढच्या आणि मधल्या चौकटी भरलेल्या आणि दाराजवळच्या, खिडकीखालच्या चौकटी कोऱ्या दिसतात. मुली आणि मुलगे असंही मोजा. नव्या शिक्षकाला या एका कागदातून जेवढं दिसतं तेवढं तासभराच्या सल्ल्यातून दिसत नाही.

प्रश्नांची यादी: मार्गदर्शक तुमचे पहिले दहा प्रश्न शब्दशः लिहितात आणि प्रश्नानंतर तुम्ही किती सेकंद थांबलात ते मनातल्या मनात मोजून समोर टाकतात. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलं की शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद वर्गात फार लांब वाटतात. पहिल्या आठवड्यात प्रश्न विचारून झाला की तीन बोटं पाठीमागे एकेक दुमडा, म्हणजे घाई होत नाही.

घड्याळाची नोंद: दर दोन मिनिटांनी वर्ग काय करतोय ते एका शब्दात, म्हणजे ऐकतोय, लिहितोय, वाचतोय किंवा थांबलाय. बहुवर्ग असेल (एकाच खोलीत अनेक इयत्ता) तर प्रत्येक इयत्तेचा वेगळा रकाना. ‘थांबलाय’ हा शब्द ज्या रकान्यात जास्त येतो त्या इयत्तेला स्वतः करण्याजोगं काम कमी दिलं गेलं आहे, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

मार्गदर्शकांना एक विनंती स्पष्ट करावी लागते: तास चालू असताना खडू हातात घेऊ नका. चांगल्या शिक्षकाला मूल अडलेलं बघवत नाही आणि ते पुढे होतात. मुलांना मग खरे गुरुजी कोण ते कळतं आणि पुढचे चार दिवस वर्ग सावरायला जातात. त्यांचं शिकवणं पाहायचंच आहे, पण ते त्यांच्या वर्गात जाऊन. महाराष्ट्रात ही रीत जुनी आहे. साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या (एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटाच्या) शाळांचे वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक जात. तिथून परतलेल्या अनेकांनी जमिनीवरची आखणी आणि रंगीत साहित्य उचललं, पण मुलांच्या हातात काम सोपवून शिक्षकाने बाजूला होणं उचललं नाही. म्हणून दुसऱ्याच्या वर्गात बसताना भिंतीचे फोटो काढण्याऐवजी एकाच मुलाजवळ बसा आणि ते अर्धा तास काय करतं ते लिहा.

अभ्यास वर्गात उतरवणं: एक कृतिसंशोधन

एम.ए.त शैक्षणिक संशोधनाचा विषय असतो आणि इग्नूत शेवटी प्रबंधिकाही. ‘ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या वाचन समस्यांचा अभ्यास’ अशी नावं डोळ्यांपुढे येतात. एवढा मोठा विषय एकट्याने करता येत नाही, मग माहिती रचली जाते. आपला वर्ग आणि एक प्रश्न पुरेसा आहे. इयत्ता दुसरीत २४ मुलं आहेत असं धरून पूर्ण काम पाहू.

निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या राष्ट्रीय अभियानानुसार दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत, तिसरीअखेर किमान ६०. मोजण्यासाठी सुमारे सत्तर शब्दांचा उतारा घ्या, पण बालभारतीच्या पुस्तकातला नको. तो कित्येकांना ऐकून पाठ असतो आणि मुलं चित्र बघून म्हणतात. एक मिनिट वाचून घ्या, वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा करा, मग उताऱ्यावर चार सोपे प्रश्न तोंडी विचारा. एका मुलाला तीन मिनिटं, म्हणजे २४ मुलांना ७२. रोज सहा मुलं घेतली तर चार दिवसांत होतं. बाकीच्यांना तेवढ्यात चित्रावरून वाक्यं लिहायला द्या. शनिवारची सकाळची शाळा यासाठी टाळा, हजेरी कमी असते.

आकड्यांपेक्षा चुका महत्त्वाच्या. कोण जोडाक्षरावर अडतो, कोण ऱ्हस्व-दीर्घ मात्रा सोडतो, कोण पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजाने ठोकतो. असे गट पाडा आणि एकच गट निवडा. समजा आठ मुलं जोडाक्षरांवर अडतात. त्यांच्यासाठी सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, पंधरा मिनिटांचं काम ठरवा. आता एम.ए.च्या पुस्तकातलं वाचनविकासाचं प्रकरण उघडा. काय शोधायचं ते ठाऊक असल्यामुळे ते भराभर वाचलं जातं. मार्गदर्शकांची त्या महिन्यातली भेट याच पंधरा मिनिटांसाठी ठेवा. सहा आठवड्यांनी तितक्याच अवघड, पण वेगळ्या उताऱ्यावर पुन्हा मोजा. तोच उतारा वापरला तर मुलं आठवणीने वाचतील आणि प्रगती फुगलेली दिसेल.

वेळापत्रक गावाच्या हंगामाप्रमाणे लावा. बीडसारख्या भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं निघतात, पालघर-नंदुरबारकडे वीटभट्ट्यांवर. ऑक्टोबरमध्ये सुरू केलेल्या कामातली अर्धी मुलं मोजणीच्या वेळी गावात नसतात. तिथे जुलैअखेर सुरुवात आणि नवरात्रापूर्वी शेवट. जी मुलं निघून गेली त्यांची नोंद अहवालात ‘गैरहजर’ म्हणून पुसू नका. ती कुठे गेली, कधी गेली, हंगामी वसतिगृहाची सोय झाली का, हे लिहा. तुमच्या वर्गाबद्दलची ती फार महत्त्वाची माहिती आहे.

मुलांची खरी नावं स्वाध्यायात किंवा प्रबंधिकेत येऊ द्यायची नाहीत. ‘वि-१, वि-२’ असे संकेत द्या आणि नावांची यादी शाळेच्या कपाटात ठेवा. पालकसभेत आयांना साध्या शब्दांत सांगा की मुलाचं वाचन मोजतोय आणि त्यावर लिहिणार आहे. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या.

आठवड्याची घडी

नऊ तास कुठून आणायचे? रात्री जेवणानंतर वाचू हा बेत पंधरा दिवस टिकतो. पहाटे किंवा शाळा सुटल्यावर शाळेतच रोज एक तास, असे पाच तास. शनिवारी दुपारी दोन आणि रविवारी सकाळी दोन. शाळेतला तास सगळ्यांत खात्रीचा, कारण वह्या, फलक, पुस्तकं समोर असतात. उरलेला रविवार घरासाठी मोकळा सोडा. निवडणुकीचं काम, बीएलओची (मतदार यादीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची) जबाबदारी, सर्वेक्षण, प्रशिक्षण यांत महिन्यातला एक आठवडा जाईल असं धरूनच चला. वर्षाला ५२ आठवडे मोजून केलेलं वेळापत्रक दुसऱ्याच महिन्यात मोडतं.

वही एकच ठेवा, दोनशे पानी. डाव्या पानावर वर्गात काय झालं: तारीख, मुलाचा संकेत, त्याने जसं म्हटलं तसं वाक्य. उजवं पान कोरं. मार्गदर्शकांचं म्हणणं आणि पुस्तकातला मुद्दा नंतर तिथे उतरवायचा, शक्यतो वेगळ्या रंगाने. दिवसाला चार ओळी पुरतात. स्वाध्यायात ‘आपल्या अनुभवातील उदाहरण द्या’ असा प्रश्न आला की डावी पानं उलटायची. मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी करतानाही हीच पानं कामी येतात. एरवी मार्चमध्ये चोवीस मुलांसाठी चोवीस सारखी वाक्यं लिहिली जातात.

हमखास अडणाऱ्या जागा

मार्गदर्शकांची बदली होते. ऑनलाइन बदल्यांत दोघांपैकी कुणीही तालुक्याबाहेर जाऊ शकतं. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच दुसऱ्या एका शिक्षकाला निदान एकदा वर्गात बोलवून ठेवा.

भेटी औपचारिक होत जातात. दोन भेटींत तोच सल्ला आला तर नोंदीचा प्रकार बदला; नकाशा झाला असेल तर घड्याळ घ्या.

परीक्षा केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असतं आणि पेपर शाळेच्या दिवशी येतो. वेळापत्रक जाहीर झालं की त्याच दिवशी रजेचा अर्ज द्या, सोबत प्रवेशपत्राची प्रत जोडा. शिक्षण सेवकाला कोणत्या रजा मिळतात ते नियुक्ती आदेशात आणि शासन निर्णयात वाचा, सहकाऱ्यांच्या तोंडी माहितीवर विसंबू नका. कायम शिक्षकांच्या सगळ्या सवलती तुम्हाला लागू नसतात.

सगळ्यात वरचं दप्तर स्वतःच्या फाइलचं. नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) प्रमाणपत्र, लागू असल्यास जात वैधता, उच्च शिक्षणाची परवानगी, प्रत्येक परीक्षेची गुणपत्रिका, रजा मंजुरी आणि मार्गदर्शकांच्या भेटींच्या लॉगबुक पानांच्या प्रती, सगळं तारखेच्या क्रमाने दोन संचांत लावा. एक संच घरी, एक शाळेत. तीन वर्षं पूर्ण होण्याच्या तीन महिने आधी नियमित वेतनश्रेणीसाठीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांकडे तयार करायला घ्या आणि पदवी झाली असेल तर सेवापुस्तकात तिची नोंद घेण्याचा अर्ज त्याच सुमारास, पण वेगळ्या पत्राने द्या. एकाच पत्रात दोन विषय टाकले की कार्यालयात एका टेबलावर एक सुटतो आणि दुसरा तिथेच राहतो.